शहराच्या मध्यभागी राहायला जायचं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसा पाय ठेवायला जागा नाही आणि रात्री आठनंतर चिटपाखरू नाही, असा मध्यभाग जगातल्या पुष्कळ शहरांत आहे. बँका, कचेऱ्या, न्यायालय, मोठी दुकानं सगळं तिथे. माणसं मात्र बाहेरून येणार आणि दिवेलागणीला परत जाणार. घरून काम सुरू झाल्यापासून दिवसाची गर्दीही आटली आणि ‘इथे वस्ती वाढवा’ या मागणीने जोर धरला. त्यावर नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं देताना एक साधी कसोटी धरली आहे: मंगळवारी रात्री दहा वाजता लेकराला ताप आला, तर तिथे राहणाऱ्या आईबापांचं काय होईल? मध्यभाग सुधारण्याच्या बहुतेक योजना शनिवारी संध्याकाळी येणाऱ्या पाहुण्यांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या असतात. घोळ तिथेच होतो.

पूर्वी लोक बाजारपेठेतच राहायचे. मग मध्यभाग ओस कसा पडला?

बऱ्याच अंशी नियमांनी पाडला. खाली दुकान, वर बिऱ्हाड ही जगभरची जुनी रीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखान्यांचा धूर घरांपासून लांब ठेवण्यासाठी जमिनीच्या वापराचे विभाग पाडण्याची पद्धत आली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६मध्ये युक्लिड गावाच्या खटल्यात तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. धूर गेला, पण नकाशावरच्या रेघा राहिल्या, आणि मध्यभागाच्या रेघेत ‘निवासी’ हा शब्दच बसेना. पुढे मोटारी आल्या, उपनगरांकडे रुंद रस्ते गेले आणि तिथल्या घरांना स्वस्त कर्जं मिळू लागली.

जमिनीचा भाव हे दुसरं कारण. एकाच मजल्याचं कचेरीचं भाडं घरभाड्याच्या दुप्पट मिळत असेल, तर मालक तिथे बिऱ्हाड कशाला ठेवेल? टोकियोच्या मध्यभागातला चुओ वॉर्ड याचं चांगलं उदाहरण. तिथली लोकसंख्या घसरत १९९७मध्ये ७२ हजारांच्या आसपास आली. मोठ्या बांधकामात काही घरं ठेवलीच पाहिजेत असा आग्रह वॉर्डाने १९८०च्या दशकातच धरला होता. जमिनीचे भाव कोसळल्यावर त्याला फळ आलं. आज तिथे १ लाख ७० हजारांहून जास्त लोक राहतात. घसरण उलटवता येते, पण भाव आणि नियम दोन्ही जुळून यावे लागतात.

कचेऱ्या रिकाम्या पडल्यात. त्यांचीच घरं का करत नाहीत?

करतात, पण बाहेरून वाटतं तितकं ते सोपं नसतं. काचेच्या इमारतीच्या एखाद्या मजल्यावर खिडकीपाशी उभे राहा आणि लिफ्टच्या दिशेने चालत जा. दहा-बारा मीटरनंतर उजेड संपतो, लिफ्ट मात्र अजून लांबच असते. कचेरीत हे खपतं, कारण दिवसभर दिवे चालू असतात. घरात मधली ती काळोखी जागा कोणाला द्यायची? बेडरूमला खिडकी हवी आणि ती उघडायलाही हवी. काचेच्या भिंतीतल्या बहुतेक खिडक्या उघडतच नाहीत.

मग पाण्याचा प्रश्न. कचेरीत संडास-बाथरूमचा एकच गठ्ठा लिफ्टशेजारी असतो. घरं केली की प्रत्येकाला स्वयंपाकघर आणि न्हाणीघर लागतं. सांडपाण्याच्या नळाला दर मीटरला साधारण दोन सेंटीमीटर उतार द्यावा लागतो. बारा मीटर नळ न्यायचा तर पाऊण फूट उंची त्यातच जाते. स्लॅबला भोक पाडावं म्हटलं, तर आत ताणलेल्या पोलादी तारा असू शकतात; आधी स्कॅन केल्याशिवाय ड्रिल लावायची सोय नसते.

गंमत म्हणजे जितकी इमारत जुनी, तितकं काम सोपं. वातानुकूलन आणि ट्यूबलाइट यायच्या आधीच्या कचेऱ्या अरुंद असत, मधे चौक सोडलेला असे, कारण कारकुनालाही खिडकीचाच उजेड लागे. लॉस एंजलिसने १९९९मध्ये नियम सैल केले तेव्हा तिथल्या मध्यभागातल्या अशाच जुन्या इमारती आधी भरल्या. पसरट इमारतींवर शस्त्रक्रिया करावी लागते. न्यूयॉर्कमध्ये १६० वॉटर स्ट्रीट या इमारतीच्या पोटातून वरपासून खालपर्यंत उभ्या पोकळ्या कापल्या, गमावलेलं क्षेत्रफळ वर मजले चढवून भरून काढलं आणि ५८८ घरं केली. हे तिथे परवडलं कारण भाडं तसं मिळतं. जिथे भाडं कमी, तिथे सरळ पाडून नवं बांधणंच स्वस्त पडतं, मग इमारत कितीही देखणी असो.

नियम काढून टाकले तर बाजार आपोआप घरं करेल ना?

करेल. पण कशी, ते इंग्लंडने पाहिलं. तिथे २०१३पासून कचेरीचं घर करायला नेहमीची नियोजन परवानगी लागेनाशी झाली. घरं पुष्कळ झाली. त्यांतली काही मात्र पार्किंगच्या एका खणाहून फार मोठी नव्हती आणि काही खोल्यांना खिडकीच नव्हती. शेवटी २०२०मध्ये नैसर्गिक उजेडाची आणि २०२१मध्ये किमान क्षेत्रफळाची, म्हणजे एका माणसाच्या घराला ३७ चौरस मीटरची अट परत आणावी लागली. आमचं मत स्पष्ट आहे: परवानगीचे हेलपाटे जरूर कमी करा, पण उजेड, हवा आणि क्षेत्रफळ यांत सूट देऊ नका. एकदा बांधलेली कोंदट खोली पन्नास वर्षं तशीच राहते.

याचा पैसा कोण देतं?

पहिली काही वर्षं बहुतेक ठिकाणी सरकारच, या ना त्या वाटेने. न्यूयॉर्कने १९९५मध्ये लोअर मॅनहॅटनमधल्या रूपांतरांना करसवलत दिली. त्यातून सुमारे १३ हजार घरं झाली. फिलाडेल्फियाने १९९७पासून रूपांतराने वाढलेल्या मूल्यावर दहा वर्षं मालमत्ता कर माफ केला. कॅनडातल्या कॅल्गरीत तेलाचा धंदा बसल्यावर टॉवरच्या टॉवर रिकामे पडले. तिथे २०२१पासून चौरस फुटामागे ७५ कॅनेडियन डॉलर रोख अनुदान मिळू लागलं आणि २०३१पर्यंत ६० लाख चौरस फूट कचेऱ्या कमी करायचं उद्दिष्ट ठरलं.

मेलबर्नची तऱ्हा जरा वेगळी. १९९०च्या सुमारास कचेऱ्यांचा बाजार कोसळला. मध्यभागात तेव्हा हजारसुद्धा घरं नव्हती आणि तिथे कोणी राहायला येईल यावर विकासकांचा विश्वास नव्हता. १९९२मध्ये पालिकेने मध्यभागाच्या पिनकोडवरूनच ‘पोस्टकोड ३०००’ अशी योजना काढली, शुल्कं माफ केली, सल्ला दिला आणि एका जुन्या इमारतीत घरं करून दाखवली. ती भरली तसे बाकीचे पुढे आले. विकासकांना आकडेवारीच्या सादरीकरणापेक्षा भरलेली एक इमारत लवकर पटते.

सवलत द्यावी की नाही यापेक्षा कशाच्या बदल्यात द्यावी, हा भांडायचा मुद्दा. नुसती घरांची संख्या मागितली तर सगळी वन-आरके येतात. दोन बेडरूमची घरं, परवडणाऱ्या भाड्याचा वाटा आणि तळमजल्यावर पाळणाघर हे करारात आधी लिहून घेतलं तरच मिळतं.

मध्यभाग म्हणजे तरुण नोकरदारांची जागा. मुलंबाळं असलेली कुटुंबं तिथे राहतील का?

राहतात. तुम्ही त्यांना हाकलेपर्यंत राहतात. पंचविशीत जोडपं हौसेने येतं, मूल होतं, दुसरी खोली मिळत नाही आणि मूल चालायला लागायच्या आत घर सुटतं. मग ‘कुटुंबांना इथे राहायचंच नसतं’ असा निष्कर्ष निघतो आणि पुन्हा एका खोलीची घरं बांधली जातात. हा गोल तोडावा लागतो.

कॅनडातल्या व्हँकुव्हरने तो तोडला. १९९१च्या आराखड्यात मध्यभागातली कचेऱ्यांसाठी राखलेली जास्तीची जमीन घरांना मोकळी केली. फॉल्स क्रीक या खाडीच्या उत्तर काठावरच्या, १९८६च्या जागतिक प्रदर्शनाच्या जागेवर वस्ती उभारताना २५ टक्के घरं कुटुंबांना पुरतील अशी हवीत अशी अट घातली. १९९२मध्ये दाट वस्तीतल्या मुलांच्या घरांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली: स्वयंपाकघरातून खेळायची जागा दिसावी, बाबागाडी ठेवायला जागा असावी, अशा बारीकसारीक गोष्टी त्यांत आहेत. वर टॉवर असला तरी खाली रस्त्यावर उघडणाऱ्या दारांची दोन-तीन मजली घरं ठेवली. त्यामुळे फुटपाथवर आंधळी भिंत येत नाही आणि कोणीतरी पायरीवर बसलेलं असतं.

आणि तरीही शाळा कमी पडली. एल्सी रॉय ही प्राथमिक शाळा २००४मध्ये सुरू झाली आणि लवकरच इतकी भरली की शेजारच्या इमारतीतल्या मुलांनाही जागा मिळेना. पुढची क्रॉसटाउन शाळा यायला २०१७ उजाडलं. जे शहर कुटुंबांच्या बाबतीत सर्वांत पुढे म्हणून नावाजलं गेलं, तिथली ही कथा. म्हणून शाळेचा भूखंड पहिल्या दिवशी राखून ठेवा. दहा वर्षांनी मध्यभागात मैदानासकट शाळेची जागा कोणीही देणार नाही.

रात्रीच्या गोंगाटाचं काय?

सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून होतात आणि सगळ्यात कमी विचार याचाच केलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार झोपेच्या वेळी बेडरूममधला आवाज ३० डेसिबलच्या आत हवा. बारबाहेरच्या रस्त्यावर रात्री बाराला तो याच्या कितीतरी वर असतो. मग नवे रहिवासी तक्रार करतात आणि वीस वर्षं चाललेला गाण्याचा अड्डा बंद पडतो. ज्या जिवंतपणासाठी लोक आले तोच जातो.

यावर ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४मध्ये आणि इंग्लंडने २०१८च्या राष्ट्रीय नियोजन धोरणात एक न्याय्य तत्त्व स्वीकारलं: नंतर येणाऱ्याने बंदोबस्त करायचा. जुन्या संगीतगृहाशेजारी नवी इमारत उभी राहिली तर दुहेरी काचा, जाड भिंती, बेडरूम मागच्या बाजूला हा खर्च नव्या विकासकाचा. उलट वस्तीत नवा क्लब आला तर आवाज कोंडायची जबाबदारी क्लबची.

पण झोपमोडीचं मूळ बहुतेक वेळा संगीतात नसतं. पहाटे चार वाजता बोळात कचऱ्याची गाडी येते, मागे येताना टींटीं करते, काचेच्या बाटल्यांचा डबा तिच्यात रिकामा होतो आणि पाठोपाठ सुपरमार्केटचा ट्रक रेफ्रिजरेटर चालू ठेवून अर्धा तास उभा राहतो. गच्चीवरचे एसीचे कॉम्प्रेसर वेगळेच. हे सगळं वेळापत्रक बदलून सुटण्यासारखं आहे. बाटल्या सकाळी सातनंतर उचलल्या तर कोणाचंही बिघडत नाही. मध्यभागात रात्री कोणी राहत नाही असं धरून ती वेळापत्रकं एकदा बांधली गेली, आणि कोणी ती पुन्हा उघडून पाहिली नाहीत.

खाली दुकानं ठेवली की रस्ता जिवंत होतो ना?

कोणती दुकानं, यावर आहे. चार मोबाइलची दुकानं आणि तीन कॉफीहाउस असलेल्या रस्त्यावर राहणाऱ्याला कोथिंबीर मिळत नाही. किराणा, औषधं, चाव्या करणारा, इस्त्रीवाला, केशकर्तनालय यांचा नफा थोडा असतो, त्यामुळे मध्यभागाचं भाडं त्यांना झेपत नाही. शिवाय विकासकाला दोन हजार चौरस फुटांचा एकच गाळा एका बँकेला द्यायला आवडतो; कटकट नसते. तसा गाळा दोन-दोन वर्षं रिकामा ठेवतील, पण चार तुकडे करून देणार नाहीत.

पॅरिसने यात हात घातला. तिथल्या पालिकेच्या सेमाएस्ट या कंपनीने २००४पासून काही भागांतले तळमजल्यावरचे गाळे विकत घेऊन पुस्तकांची दुकानं, खाद्यपदार्थांची दुकानं, कारागीर यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. सगळ्या पालिकांना हे परवडणार नाही, पण नव्या परवानगीत गाळ्याची कमाल रुंदी ठरवून देणं फुकट आहे. सगळ्याच रस्त्यांवर दुकानं हवीत असाही हट्ट नको. तेवढी गिऱ्हाइकं नसतात. मुख्य रस्त्यावर दुकानं आणि बाजूच्या गल्लीत घरांची दारं ही विभागणी जास्त चालते.

गाडी कुठे लावायची?

प्रत्येक घरामागे पार्किंगची सक्ती केली तर जुन्या इमारतींचं रूपांतर जवळपास अशक्य होतं. १९२०च्या दशकातल्या इमारतीखाली तळघर खणणार कुठून? म्हणून लॉस एंजलिसने १९९९च्या नियमात रूपांतरित इमारतींना नव्या पार्किंगची अट लावली नाही, आणि अमेरिकेतल्याच बफेलो शहराने २०१७मध्ये शहरभरातूनच किमान पार्किंगची अट काढली. ज्याला गाडी हवी तो जागेचे वेगळे पैसे मोजेल. ज्याला नको त्याच्या घरभाड्यात तो खर्च कशाला?

आरपार जाणाऱ्या गाड्या हा पार्किंगहून मोठा त्रास. बेल्जियममधल्या गेंट शहराने २०१७मध्ये मध्यभागाभोवतीचे सहा विभाग असे केले की गाडीने एकातून दुसऱ्यात थेट जाता येत नाही; बाहेरच्या वळणरस्त्यावर जाऊनच यावं लागतं. आत राहणाऱ्याची गाडी त्याच्या विभागात पोचते. नुसतं आरपार जायला मधला भाग वापरणारे मात्र गळाले. दुकानदार सुरुवातीला विरोध करतात, हे जवळजवळ प्रत्येक ठिकाणी झालं आहे; कोपनहेगनचा स्ट्रॉयट हा रस्ता १९६२मध्ये पादचाऱ्यांना मोकळा केला तेव्हाही झालं. एक काळजी मात्र घ्यावी: रुग्णवाहिका, अपंगांची गाडी आणि सामानाचा टेम्पो दारापर्यंत यायलाच हवा.

बागेसाठी जागाच नाही. मग?

मोठ्या बागेची वाट पाहू नका. डच अभ्यासक सेसिल कोनिनेन्दाइक यांनी २०२१मध्ये ३-३०-३०० असं सूत्र मांडलं: प्रत्येक घरातून ३ मोठी झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के सावली असावी, आणि ३०० मीटरच्या आत बाग असावी. दाट मध्यभागात तिन्ही आकडे गाठणं कठीण, पण पहिला आकडा पार्किंगच्या एकेका खणात एकेक झाड लावूनही गाठता येतो. कुंडीतलं झाड मात्र मोजू नका.

रात्री तिथे सुरक्षित वाटेल का?

वाटण्यावर बराच परिणाम उजेडलेल्या खिडक्यांचा आणि उघड्या दारांचा होतो. शंभर मीटर लांब पार्किंगची भिंत किंवा उतरवलेली शटरं असतील, तर कितीही दिवे लावा, माणूस पावलं भराभरच टाकतो. सुरुवातीची घरं सगळीकडे विखुरण्यापेक्षा दोन-तीन रस्त्यांवर एकत्र केली तर ही अडचण लवकर सुटते.

आधीपासून तिथे राहणाऱ्या गरिबांचं काय होतं?

‘मध्यभागात कोणी राहत नाही’ हे वाक्य बहुधा खोटं असतं. जुन्या लॉजमधल्या एकेका खोलीत, गोदामांच्या माळ्यांवर, दुकानांच्या मागे माणसं असतातच. कागदोपत्री ती रहिवासी नसतात एवढंच. भाग सुधारला की पहिली त्यांची खोली जाते. व्हँकुव्हरने २००३मध्ये अशा एकेका खोलीच्या निवासांसाठी उपविधी केला: त्या पाडायच्या किंवा दुसऱ्या वापरात घ्यायच्या तर पालिकेची परवानगी हवी. मोठ्या नव्या वस्त्यांत २० टक्के घरं सामाजिक निवासासाठी राखण्याचं धोरणही तिथे होतं. तेवढ्याने प्रश्न सुटला असं कोणी म्हणणार नाही. तिथल्या डाउनटाउन ईस्टसाइडमधलं दैन्य जगजाहीर आहे. पण नियम आधी आणि सुशोभीकरण नंतर हा क्रम बरोबर होता. उलट क्रमाने केलं तर वाचवायला खोल्याच उरत नाहीत.

घरं बांधली आणि ती पर्यटकांनाच भाड्याने गेली तर?

तर घरं नाहीत, चावीची हॉटेलं झाली. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते. २०२२मध्ये हा आकडा ५० हजारांच्या खाली गेला. त्याला एकट्या पर्यटकांना दोष देता येणार नाही, पण परत यायची वाट त्यांच्यामुळे बंद झाली. ॲमस्टरडॅमने २०१९पासून आपलं घर पाहुण्यांना वर्षातून ३० रात्रींहून जास्त देण्यावर बंदी घातली. बार्सिलोनाने २०२४मध्ये जाहीर केलं की पर्यटक-फ्लॅटचे सुमारे दहा हजार परवाने नोव्हेंबर २०२८पर्यंत संपवायचे. नव्या वस्तीत हा नियम पहिल्याच दिवशी करणं सोपं जातं, कारण तेव्हा कोणाचं उत्पन्न बुडत नसतं.

मला स्वतःला मध्यभागात घर घ्यायचंय. काय बघू?

दलाल दाखवेल त्या वेळी एकदा बघा, मग शुक्रवारी रात्री अकराला आणि पहाटे पाचला स्वतःहून जा. खिडकी उघडून बघा. उघडत नसेल तर वीज गेल्यावर काय होतं ते विचारा. रूपांतरित इमारत असेल तर शेजारच्या बाथरूमचं पाणी तुमच्या छतातून जातं का, ते प्लंबिंगच्या नकाशात पाहा. लिफ्ट किती, आणि त्यांतली एखादी खालच्या कचेऱ्यांबरोबर वाटून घ्यायची आहे का? सकाळी नऊला याचा फरक कळतो. रविवारी उघडं असलेलं औषधांचं दुकान चालत शोधा. इमारतीत दोन बेडरूमची घरं किती आहेत तेही मोजा, कारण एका खोलीच्या घरांत माणसं सारखी बदलत राहतात आणि देखभालीच्या बैठकीला कोणी येत नाही. आणि समोर मोकळा भूखंड किंवा दुमजली जुनी इमारत दिसत असेल तर तिथे किती मजल्यांची परवानगी आहे, हे सही करण्याआधी पालिकेत विचारून या.